चार वर्षांची स्पर्धा आणि टिकलेली संघटना

आज आम्ही तुम्हाला गोल्फ खेळाच्या एका स्पर्धेबद्दल सांगणार आहोत. ती चारच वर्षं चालली, पण तिच्यात आपल्या गटांसाठी घेण्यासारखं बरंच आहे.

गोल्फ म्हणजे मोठ्या हिरव्या मैदानावर काठीने छोटा चेंडू मारत एकेका खळग्यात घालायचा. असे १८ खळगे. ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील, तो जिंकला.

१९५० साली अमेरिकेत १३ महिला खेळाडूंनी एलपीजीए नावाची स्वतःची संघटना काढली. पॅटी बर्ग पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या काळी पैशासाठी खेळणाऱ्या बायकांना स्पर्धाच मोजक्या होत्या.

त्याच वर्षी अ‍ॅल्विन हँडमाकर या कारखानदाराने एक स्पर्धा सुरू केली. ते बायकांचे तयार कपडे बनवत. कपड्यांचं नाव होतं ‘वेदरव्हेन’, म्हणजे शाळेच्या भूगोलातला वातकुक्कुट. स्पर्धेलाही तेच नाव दिलं. बक्षीस त्यांचं, जाहिरात त्यांच्या कपड्यांची. चार गावांत प्रत्येकी ३६ खळग्यांचा खेळ, आणि चारही ठिकाणचे फटके मिळून एकूण विजेती. पहिल्या वर्षी जिंकल्या बेब झहारियास. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदकं मिळवणाऱ्या त्याच बेब!

१९५३ नंतर ‘वेदरव्हेन’ झाली नाही. पण संघटना मोडली नाही. कारण सुरुवातीपासून बरीचशी कामं सदस्यांनीच अंगावर घेतली होती. गाड्यांतून एकमेकींच्या सोबतीने गावोगाव जायचं, मैदान तयार करायचं, हिशेब ठेवायचा, बक्षिसांचे धनादेश लिहायचे आणि मग खेळायचंही. एक स्पर्धा गेली तरी दुसरी उभी करायचं कसब त्यांच्याच हातात राहिलं.

आज ती संघटना सत्तरी ओलांडून पुढे गेली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली बंगळुरूची अदिती अशोक तिच्याच स्पर्धांमध्ये खेळते.

मैत्रिणींनो, देणारा भेटला तर जरूर घ्यावं. त्या एका देणाऱ्यामुळेच या खेळाडूंना चार वर्षं मोठी स्पर्धा मिळाली. पण गटाची वही आपल्यालाच लिहिता आली पाहिजे, बँकेत आपल्यालाच बोलता आलं पाहिजे, आणि गिऱ्हाईक एकावर थांबता कामा नये. येत्या मासिक बैठकीत एवढा एकच विषय घ्या: आपला सगळ्यात मोठा खरेदीदार उद्या थांबला, तर परवा आपण माल कुठे विकणार? जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून ठेवा.