जमीन घरची, तेल कुणाचं?

आपल्याकडे सातबारा नावावर असला तरी शेताखालचं तेल सरकारचं. अमेरिकेत, टेक्साससारख्या राज्यात, ते खासगी मालकीचं असू शकतं. आजोबांनी शेत विकताना खालचा खनिजहक्क राखून ठेवला असेल, तर वरची जमीन एकाची आणि तेल दुसऱ्याचं.

कंपनी हा हक्क सहसा भाडेपट्ट्याने घेते. सही करताना एकरी बोनस मिळतो, तेल निघालं की रॉयल्टी. पूर्वी ती सर्रास एक-अष्टमांश असे, आता एक-चतुर्थांशापर्यंतही मिळते. म्हणजे १०० पिंपांमागे साडेबारा की २५, एवढा फरक.

पण बरेच जण बोनसचा आकडा बघतात आणि मुदतीचं कलम वाचायचं राहून जातं. करार दिसतो ३ वर्षांचा. त्या काळात एक विहीर चालू झाली, की ती परवडेल इतकं तेल देत राहील तोवर करार संपत नाही. समजा घरची ६४० एकर आहे. वेगळं कलम नसेल, तर त्या एका विहिरीपायी सगळी ६४० एकर अडकते.

म्हणून 'जिथे उत्पादन नाही, तो भाग मुदतीनंतर मोकळा' हे सहीआधीच लिहून घ्यावं. बोनस एकदाच मिळतो. सही मात्र नातवंडांनाही बांधू शकते.