तुमच्या खिशातील अदृश्य बिल्ला

समजा तुम्ही नागपूरच्या नंदनवन भागात राहता आणि शाळेत जाण्यासाठी तुम्हांला सायकल घ्यायची आहे. घरच्या संगणकावर तुम्ही एका दुकानाचे संकेतस्थळ उघडले, चार-पाच सायकली पाहिल्या, किमती ताडून पाहिल्या आणि काहीही न घेता ते पान बंद केले. दुसऱ्या दिवशी क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक पाहण्यासाठी तुम्ही एक अगदी वेगळे संकेतस्थळ उघडले. पाहता तो काय, धावफलकाच्या शेजारी कालचीच सायकल! आणि खाली ओळ : 'नागपुरात घरपोच मिळेल.' तुम्ही तुमचे नाव कोणालाही सांगितले नव्हते. धावफलकवाल्यांशी सायकलीचा विषय तर तुम्ही काढलाच नव्हता. मग ही गोष्ट तेथपर्यंत पोहोचली कशी?

यात जादू नाही. ती समजण्यासाठी मोठ्या गणिताचीही गरज नाही. देवळाबाहेर चपला ठेवण्याची जागा ज्याने पाहिली आहे, त्याला ही युक्ती सहज समजेल.

विसराळू दुकानदार

तुम्ही संकेतस्थळाचा पत्ता टाइप करता तेव्हा तुमचा ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे पानाची मागणी करतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर पान पाठवतो आणि मागणी विसरून जातो. क्षणभराने तुम्ही दुसरे पान मागितले, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही नवखेच असता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती मुख्यतः शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे वाचता यावीत म्हणून. त्या कामाला सर्व्हरचा विसराळूपणा चालून गेला.

पण दुकानाला असा विसराळूपणा कसा परवडावा? तुम्ही सायकल पिशवीत टाकली आणि घंटी पाहण्यासाठी पुढचे पान उघडले, तर दुकानदार विचारणार, "आपण कोण?" पिशवी पुन्हा रिकामी!

नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने १९९४ साली यावर उपाय काढला. नागपूरच्या टेकडी गणपतीला गर्दीच्या दिवशी गेलात, तर बाहेर चपला सांभाळणारा माणूस काय करतो ते आठवा. तो तुमचे नाव विचारत नाही, चेहराही ध्यानात ठेवत नाही. तो तुमच्या हातात एक बिल्ला देतो. समजा त्यावर ५७ हा आकडा आहे. परत आल्यावर तुम्ही बिल्ला दाखवता आणि तो ५७ क्रमांकाच्या चपला काढून देतो. माणूस विसराळू असला तरी बिल्ला विसरत नाही.

माँटुली यांनी सर्व्हरला असाच बिल्ला देण्याची सोय करून दिली. पहिल्या भेटीत सर्व्हर ब्राउझरला एक छोटा मजकूर देतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर आपण होऊन दाखवतो. या मजकुराला 'कुकी' म्हणतात. संगणक कार्यक्रम लिहिणाऱ्यांमध्ये अशा खुणेच्या मजकुरासाठी 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून रूढ होता, त्यावरून हे नाव आले. बिस्किटाशी तिचा एवढाच संबंध!

कुकी म्हणजे विषाणू नव्हे. तो चालणारा कार्यक्रमही नव्हे. तो नुसता मजकूर असतो, सुमारे ४,००० अक्षरांपर्यंतचा. त्यात बहुधा एक लांबलचक क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. काही कुक्या ब्राउझर बंद करताच नाहीशा होतात, काही महिनोन्‌महिने राहतात. कुकी तुमची छायाचित्रे उघडून पाहू शकत नाही. उलट ती नसेल, तर परीक्षेच्या निकालासाठी किंवा रेल्वेच्या तिकिटासाठी प्रत्येक पानावर नव्याने ओळख द्यावी लागेल.

शिवाय या योजनेत एक चांगला नियम होता : ज्याने बिल्ला दिला, त्यालाच तो दाखवायचा. सायकलीच्या दुकानाचा बिल्ला धावफलकवाल्यांना दिसत नाही. मग आपले कोडे सुटले कसे म्हणावे? उलट ते अधिकच अवघड झाले!

एकच ठेकेदार, हजार देवळे

कोड्याचे उत्तर पानाच्या रचनेत आहे. एक पान आपल्याला अखंड दिसते, पण ते तुकड्यातुकड्यांनी येते. बातमी एका सर्व्हरवरून येते, चित्रे दुसऱ्यावरून, आणि जाहिरातीची चौकट बहुधा एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. म्हणजे तुम्ही एक पत्ता टाइप केलात तरी तुमचा ब्राउझर अनेकांचे दार ठोठावून येतो. त्यांतला प्रत्येक जण आपापला बिल्ला देऊ शकतो. तुम्ही ज्याच्याकडे मुद्दाम गेलात त्याची ती स्वतःची कुकी. ज्याचे नावही तुम्ही ऐकले नाही, त्याची ती तिऱ्हाइताची कुकी.

आता पुन्हा चपलांकडे वळू. समजा गावातील सर्व देवळे, दवाखाने, बँका, वाचनालये आणि चित्रपटगृहे यांच्या दाराशी चपला सांभाळण्याचा ठेका एकाच माणसाकडे आहे. तो सगळीकडे तुमचा तोच ५७ क्रमांकाचा बिल्ला पाहतो आणि वहीत लिहितो : '५७ - सकाळी आठला देऊळ. अकराला डोळ्यांचा दवाखाना. चारला बँकेची कर्जाची खिडकी. सातला चित्रपट.' बिल्ला त्यानेच दिलेला आहे आणि त्यालाच दाखवला जात आहे. नियम एकदाही मोडला नाही, पण वहीत तुमचा सारा दिवस उतरला!

सायकलीच्या बाबतीत हेच घडले. दुकानाच्या पानावर आणि धावफलकाच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा होता. काही वेळा तर हा तुकडा म्हणजे कागदावर टिंब द्यावे एवढे पारदर्शक चित्र असते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण ते आणण्यासाठी ब्राउझरला त्या कंपनीचे दार ठोठवावेच लागते.

हा धोका जाणकारांना लवकरच दिसला. कुकीचे तांत्रिक नियम १९९७ साली लिहिले गेले, तेव्हाच तिऱ्हाइताच्या कुक्या मुळात बंद असाव्यात अशी सूचना त्यात होती. त्या वेळच्या मोठ्या ब्राउझरांनी ती मानली नाही.

कळमन्याचा लिलाव आणि पानावरचा लिलाव

नंदनवनापासून फार दूर नसलेल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव होतो. ढीग समोर असतो, व्यापारी बोली लावतात, सर्वांत मोठी बोली जिंकते. जाहिरातीच्या चौकटीचाही पुष्कळदा असाच लिलाव होतो, पण तो सेकंदाच्या जवळजवळ दहाव्या भागात उरकतो. पान उघडत असतानाच बोली लावणाऱ्या कंपन्यांना कळवले जाते : पान कोणते, यंत्र कोणते, गाव कोणते, बिल्ला कोणता. गाव कळते ते इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून. त्यावरून शहराचा अंदाज येतो, गल्लीचा येत नाही. म्हणून जाहिरातीत 'नागपूर' आले, 'नंदनवन' आले नाही. मात्र एखाद्या संकेतस्थळाला तुम्ही फोनवरून 'माझे ठिकाण पाहा' अशी परवानगी दिलीत, तर गल्लीही कळू शकते.

येथे एक फरक लक्षात घ्या. कळमन्यात बोली संत्र्यांवर लागते. येथे ती कोऱ्या जागेपेक्षा त्या जागेकडे पाहणाऱ्या माणसावर लागते. शिवाय संत्री एकाच व्यापाऱ्याच्या घरी जातात, पण बिल्ल्याची माहिती बोली हरलेल्यांनाही मिळून गेलेली असते.

नाव नाही, तरीही ओळख

"पण वहीत माझे नाव कोठे आहे?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. चला, थोडे गणित करू.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. त्यांतला एक माणूस शोधायचा आहे, आणि तुम्ही फक्त 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येणारे प्रश्न विचारू शकता. प्रत्येक प्रश्न गर्दीचे दोन समान भाग करील असा असेल, तर पहिल्या उत्तराने १२ लाख उरतील, दुसऱ्याने ६ लाख, तिसऱ्याने ३ लाख. असे निम्मे निम्मे करीत वहीवर मोजा. बाविसाव्या प्रश्नाला एकच माणूस उरतो! साऱ्या जगाची लोकसंख्या ८०० कोटींहून थोडी अधिक आहे. तिच्यासाठी ३३ प्रश्न पुरतात, कारण २ चा ३३ वा घात सुमारे ८५९ कोटी येतो.

प्रत्यक्षात प्रश्न इतके नेमके नसतात, पण वहीतील नोंदी शेकडो असतात. हा बिल्ला रात्री दहानंतर वापरला जातो का? मराठी पाने उघडतो का? दहावीच्या प्रश्नपत्रिका पाहतो का? प्रत्येक उत्तराने गर्दी कमी होते. आणि एखाद्या ठिकाणी त्याच बिल्ल्यापुढे तुमचा ई-मेल किंवा फोन क्रमांक लिहिला गेला, की मागच्या सर्व नोंदींना एकदम नाव मिळते.

आणखी एक गोष्ट. बिल्ला माणसाचा नसतो, ब्राउझरचा असतो. घरात सर्वांचा मिळून एकच संगणक असेल, तर सर्वांचे वाचन एकाच क्रमांकाखाली साठते. आईने रात्री एखाद्या आजाराविषयी वाचले असेल आणि ते ती घरात इतक्यात सांगणार नसेल, तर सकाळी मुलाच्या गणिताच्या पानाशेजारी त्या आजाराच्या औषधाची जाहिरात येऊ शकते. सायकलीची जाहिरात पाहून आपण हसतो, पण असे गुपित फुटले तर कोणाला हसू येणार?

फुकट कोणाच्या पैशाने?

जाहिराती वाईटच, असे मात्र समजू नका. संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही वीज, यंत्रे आणि लेखकांचे मानधन यांचा खर्च असतो. वर्तमानपत्रेही जाहिरातींच्या आधारानेच स्वस्तात विकता येतात. नागपुरात १९११ साली सुरू झालेले 'हितवाद' घ्या किंवा दुसरे कोणतेही घ्या. तुम्ही वर्तमानपत्र वाचता, पण कागद तुम्हांला वाचत नाही. कोणत्या बातमीवर तुम्ही किती वेळ थांबलात, हे जाहिरातदाराला कळत नाही, तरीही जाहिराती चालतात. सायकलीवरील लेखाशेजारी सायकलीची जाहिरात द्यायला वाचक कोण आहे हे कळण्याची गरज नसते. म्हणजे फुकट पानासाठी जाहिरात हवी असेल, पण तिच्यासाठी पाळत ठेवलीच पाहिजे असे नाही.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरील हा निकाल. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे हेही होते. पुढे २०१९ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले.

त्यानंतर २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात तुमच्यासाठी महत्त्वाचे कलम आहे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायची तर पालकांची खात्रीलायक संमती हवी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणे यांनाही मनाई आहे. शाळा, दवाखाने अशा काहींना नियमांत मर्यादित सूट आहे. मुलांविषयीची ही बंधने मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने पाळण्यासाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत देण्यात आली.

ब्राउझरांचे मार्गही वेगवेगळे झाले. फायरफॉक्सने २०१९ साली पाळत ठेवणाऱ्या ज्ञात कुक्या आपण होऊन अडवायला सुरुवात केली. सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या सर्वच कुक्या बंद केल्या. क्रोमने त्या काढून टाकण्याची घोषणा २०२० साली केली, पण जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. क्रोम ज्या गूगल कंपनीचा आहे, तिचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

करून पाहा

१. घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन संगणकावर ब्राउझरच्या 'सेटिंग्ज'मधील कुकी हा भाग उघडा. तेथे साठलेल्या नावांपैकी किती ठिकाणी तुम्ही स्वतः गेला होता आणि किती नावे अनोळखी आहेत, याचे दोन रकाने वहीत करा.

२. तेथेच तिऱ्हाइताच्या कुक्या बंद करण्याची सोय आहे. ती वापरा आणि आठवडाभर नेहमीची संकेतस्थळे पाहा. काय बिघडले आणि काय पूर्वीसारखेच चालले, याची नोंद ठेवा.

३. 'कुकी स्वीकारा' असे विचारणारी पट्टी आली, की घाईने मोठ्या बटणावर टिचकी मारू नका. 'नाकारा' हे बटण शोधा. ते किती लहान आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला किती टिचक्या लागल्या, ते मोजा.

एक सूचना : कुक्या बंद केल्या की सर्व पाळत थांबली, असे मानू नका. पडद्याचा आकार, अक्षरांचे नमुने, भाषा, घड्याळाची वेळ अशा गोष्टींवरूनही यंत्र ओळखता येते. आपले बावीस प्रश्न आठवतात ना? ती उत्तरे बिल्ल्यावाचूनही मिळवता येतात. तरीही बिल्ला न देणे ही चांगली सुरुवात आहे. तिसऱ्या प्रयोगातील टिचक्यांचा आकडा वर्गात सर्वांनी मिळून फळ्यावर मांडा. कोणते संकेतस्थळ वाचकाला मान देते आणि कोणते त्याला कंटाळा आणून संमती मिळवते, हे तुमचे तुम्हांलाच दिसेल.