हेदवीच्या ओकांपासून

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला लोक येतात ते दशभुज गणपतीच्या दर्शनाला. भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणारे पाणी पाहतात आणि परततात. मराठी बालसाहित्याचा पाया घालणारे विनायक कोंडदेव ओक १८४० साली याच गावात जन्मले, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. याची मला खंत वाटते, कारण शिक्षकाने मुलांसाठी लिहिते कसे व्हावे, याचा आपल्याकडचा सर्वांत भक्कम धडा ओकांच्या कामात आहे.

मुलांची पुस्तके त्यांच्याआधीही निघत होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८चा, पण तो इंग्रजीवरून केलेला. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८४५ मध्ये मुंबईतल्या अध्यापक-वर्गाचे प्रमुख झाले. ते स्वतः मुलांसाठी व्याकरण आणि नीतिकथा लिहीत. शिक्षक घडवणे आणि मुलांसाठी लिहिणे अशी दोन्ही कामे एका माणसाच्या हाती आली होती. पुढच्याच वर्षी ते गेले.

ओक शिक्षणखात्यातले. १८८१ साली निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी ‘बालबोध’ मासिक काढले आणि ते ओकांवर सोपवले. १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, ओकांनी ते चालवले. अंक चारशेच्या घरात गेले. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एखादा शास्त्रीय विषय असा मजकूर महिन्यामागून महिना, बहुतेक एकहाती. सुचण्याची वाट पाहत बसायला सवड नव्हती. पुढचा अंक दारात उभा असे. जावजींसारखा छापणारा पाठीशी आणि वाट पाहणारी मुले समोर, या दोहोंमुळे ते लेखन टिकले असे मला वाटते. आज आपण शिक्षकांना नेमके हेच देत नाही.

दाभोळच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. रोज! ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून झाली, याचे सर्वांना आश्चर्य वाटते. पण त्या झपाट्यामागे छात्रालयातली ती वर्षे होती. पुस्तकाची प्रकरणेही रात्रींची आहेत, समोर बसलेल्यांना सांगितल्यासारखी.

पुढे १९६७ मध्ये बालभारती आली, १९७१ मध्ये तिचे ‘किशोर’ आले आणि लिहिणाऱ्या शिक्षकांना मोठे व्यासपीठ मिळाले. पण एका मासिकात राज्यातले किती शिक्षक मावणार?

आता लेखन-कार्यशाळा होतात. कथाबीज, पात्रे, संवाद, सगळे शिकवले जाते. शिक्षक उत्साहाने एक गोष्ट लिहितो, तिच्यात ससा असतो आणि शेवटी तात्पर्य. मग ती वही कपाटात जाते. दोष शिक्षकाचा नाही. दुसरीतले मूल कोणत्या वाक्याला चुळबुळ करते, हे त्याच्याइतके कोणत्याही संपादकाला कळत नाही. पऱ्याला पूर आला की घाईने शाळा सोडावी लागते, आईबाबा आंब्याच्या हंगामात बागेत राबतात, वडील खलाशी म्हणून महिनोन्‌महिने बाहेर असतात, हे जग त्याच्या वर्गात रोज येऊन बसते. पुस्तकात मात्र ते क्वचितच दिसते. त्या शिक्षकाला हवा आहे तो पुढच्या महिन्याचा वायदा.

शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. तिच्यात अर्धा तास राखून ठेवावा. वर्गात वाचून, मुलांपुढे अडखळून, पुन्हा लिहिलेली एक गोष्ट प्रत्येक वेळी एका शिक्षकाने तिथे वाचावी. ऐकणाऱ्यांनी कौतुकाआधी सांगावे की मुले कुठे कंटाळतील. चार पानांची झेरॉक्स प्रत केंद्रातल्या प्रत्येक शाळेत जावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्याची. खर्च चहापाण्याइतका. सुरुवात हेदवीच्या आसपासच्या शाळांनी करावी, आणि पहिल्या अंकात ओकांचे चरित्र तिसरीच्या मुलाला कळेल असे लिहून छापावे.