पायाखालचं रान आणि कोळी

लखनौचं कुकरैल ओळखलं जातं ते सुसरींच्या संगोपन केंद्रामुळे. मुळात ते १९५०च्या दशकात माणसाने लावलेलं जंगल. लागवड असो वा नैसर्गिक रान, तिथे कोळी कोणते हे झाडांइतकंच खालच्या गवता-पाचोळ्यावर ठरतं. चक्राकार जाळ्याचे धागे ताणायला झुडपाच्या काड्या लागतात. ‘हिप्पासा’ हा कोळी गवतात चादरीसारखं जाळं पसरून त्याच्या नळीत दबा धरतो. दव पडलं की ते लख्ख दिसतं. त्याचे बहुतेक भाईबंद, म्हणजे लांडगा-कोळी, जाळं विणतच नाहीत; पाचोळ्यात धावून शिकार करतात. मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून हिंडते, पिल्लं निघाली की पाठीवर घेते. पाचोळा झाडून, झुडपं तोडून रान ‘स्वच्छ’ करण्याची हौस यांच्याच मुळावर येते.