काळजातले भोक

दोन वाफ्यांमधला बांध फुटला, तर एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात शिरते. तान्ह्या मुलाच्या काळजातही कधी कधी असेच होते.

काळीज म्हणजे हृदय. ज्याची त्याची मूठ, तेवढे ज्याचे त्याचे हृदय. त्यात चार कप्पे असतात. उजवे कप्पे वापरलेले रक्त फुफ्फुसांकडे लोटतात. तिथे ते शुद्ध होते. डावे कप्पे ते शुद्ध रक्त अंगभर धाडतात. मध्ये पडदा असतो.

गर्भात हृदय आधी साधी नळी असते. ती वळते, तिच्यात पडदे वाढतात, आणि दोन महिन्यांत चार कप्पे होतात. तोवर बाईने घरात कुणाला सांगितलेलेही नसते! पडदा अपुरा राहिला, की भोक राहते. हजार मुलांत आठ-दहा मुले हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात. लोक म्हणतात, "हिनं गिराण पाळलं नाही." ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. आईला बोल लावू नये.

लहान भोक पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे असेल, तर डावीकडचे रक्त उजवीकडे शिरते, आणि फुफ्फुसांत रक्त जादा होते. मूल दूध पिताना थांबते, धापा टाकते, कपाळाला घाम येतो. वजन वाढत नाही. छाती सारखी भरते. असे वर्षानुवर्षे चालू दिले, तर फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या खराब होतात. मग भोक बुजवूनही उपयोग नसतो.

काही मुलांत भोकाबरोबर फुफ्फुसांकडची वाटही अरुंद असते. त्यांचे ओठ, नखे निळी पडतात. आमच्या शाळेत असा एक मुलगा होता. खेळता खेळता मध्येच उकिडवा बसे. आम्ही त्याला आळशी म्हणालो, कान धरून उठवले. उकिडवे बसल्याने पायांच्या नसा दाबल्या जातात आणि रक्त फुफ्फुसांकडे जास्त वळते, हे आम्हांला कुठे ठाऊक! पोर आपला इलाज आपणच करीत होते. शाळा तपासायला आलेल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावताच ओळखले. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. तो परत आल्यावर आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

२०१३ पासून सरकारचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासतात. दोष सापडला तर पुढचा उपचारही फुकट होतो. मात्र मूल निळे पडत असेल, तर त्यांची वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. तिथे 'इको' नावाची तपासणी करतात. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसारखीच ती असते. मुलाला दुखत नाही.