बोलायला शिकवण्याचं लायसन्स

मंडळी, मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझ्या धंद्यात लायसन्स कुणी विचारत नाही. टेक्ससमधली नोकरी सोडून न्यू जर्सीला आलो, सोमवारी गळ्यात बिल्ला अडकवला आणि कामाला लागलो. माझी बायको मात्र पुढचे दहा आठवडे टपालपेटीकडे डोळे लावून घरी बसली. ती स्पीच थेरपिस्ट आहे. चूक आमचीच होती, आणि त्यातला मोठा वाटा माझा. अशी चूक आणखी कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख.

ती मुंबईची बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवण या विषयातली चार वर्षांची पदवी. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियात नोंदणी, वर लहान मुलांबरोबर कामाचा अनुभव. इकडे येताना आम्ही समजत होतो की एखादी परीक्षा दिली की झालं. तसं नसतं. अमेरिकेत स्पीच थेरपिस्टला मास्टर्स लागते, आणि नव्याने ऑडिऑलॉजिस्ट होणाऱ्याला 'एयूडी' ही डॉक्टरेट, म्हणजे पदवीनंतर साधारण चार वर्षं. नुसत्या पदवीवर काही राज्यांत सहाय्यकाचं काम मिळू शकतं, पण त्यालाही त्या राज्याचं लायसन्स किंवा नोंदणी लागते. इथल्या व्यावसायिक संस्थेचा इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंडमधल्या संस्थांशी परस्पर मान्यतेचा करार आहे. भारत त्यात नाही. भारतात मास्टर्स केलेल्यांनी आपल्या पदवीचं इथल्या मान्यताप्राप्त एजन्सीकडून मूल्यमापन करून घ्यावं, मगच पुढचे बेत आखावेत.

त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'आशा' होतं! तिच्या प्रमाणपत्रासाठी स्पीच थेरपिस्टला ४०० तासांचं क्लिनिकल शिक्षण हवं. त्यातले २५ तास निरीक्षणाचे, ३७५ तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, आणि एकूण ४०० पैकी निदान ३२५ मास्टर्स करतानाचे. प्रॅक्सिस परीक्षेत १६२ गुण. त्यानंतर क्लिनिकल फेलोशिप : किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास, अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली.

आता खरी मेख. आशाचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. लायसन्स देतं राज्य, आणि प्रत्येक राज्याचा कायदा, फी, फॉर्म वेगळे. फेलोशिपसाठीसुद्धा टेक्ससमध्ये 'इंटर्न' लायसन्स असतं, न्यू जर्सीत 'टेंपररी'. ते हातात येईपर्यंत रुग्णाला हात लावायचा नाही. शाळेत नोकरी करायची तर कित्येक राज्यांत शिक्षण खात्याचं प्रमाणपत्र लागतं ते निराळंच.

हिचे वीस आठवडे झाले होते तेव्हा मला न्यू जर्सीची ऑफर आली. "उरलेले सोळा तिकडे करशील," असं मी अगदी सहज म्हणालो. नव्या राज्यात नवा मेंटॉर शोधायचा आणि नवा अर्ज भरायचा, हे कळलं ते सामानाचा ट्रक निघाल्यावर. त्यात अर्ज मी भरला, कारण "फॉर्म भरणं म्हणजे काय, आमचं रोजचंच काम!" तिची गुणपत्रिका स्वच्छ स्कॅन करून मी पाठवून दिली. ती विद्यापीठाकडून थेट जायला हवी होती. सूचनांमध्ये तसं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. दोन घरांचं भाडं, एक पगार, आणि मुलीच्या पाळणाघराची जागा सुटू नये म्हणून तेही पैसे चालू. त्या दहा आठवड्यांचं क्रेडिट कार्डचं देणं फेडायला वर्ष लागलं. हिने एकदाही बोलून दाखवलं नाही, हे मला जास्त लागलं.

व्हिसाचाही हिशेब आधीच करावा. एच-४ वर शिकायला हरकत नाही, पण फेलोशिप ही पगारी नोकरी, तिला वर्क परमिट हवं. २०१५ पासून ते एच-४ वाल्यांना मिळू शकतं, पण मुख्यतः जोडीदाराचा आय-१४० मंजूर झाला असेल तरच. एफ-१ वर मास्टर्स केलं तर नंतर एक वर्षाचं ओपीटी मिळतं, त्यात पूर्णवेळ फेलोशिप बसते.

राज्याराज्यांतला एक करारही आहे. दहा राज्यं सामील झाल्यावर तो २०२१ साली अस्तित्वात आला आणि आता त्यात तीसहून अधिक राज्यं आहेत. त्याचा उपयोग पूर्ण लायसन्स असलेल्यांना, आणि तोही दोन्ही राज्यं त्यात असतील तरच. फेलोशिपवाल्यांना तो लागू नाही, म्हणजे आमचं रडगाणं त्याने थांबलं नसतं.

ज्यांच्या मुलाला थेरपीची गरज आहे त्यांनाही हे उपयोगाचं आहे. व्हिडिओवरून थेरपी असेल तर सर्वसाधारणपणे मूल जिथे बसलंय त्या राज्याचं लायसन्स बघतात, थेरपिस्ट कुठे आहे ते नव्हे. पुण्याच्या ताई मराठीतून छान शिकवत असतील, पण इथलं लायसन्स नसेल तर विमा कंपनीकडून पैसे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. थेरपिस्टचं नाव राज्याच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतं : लायसन्स चालू आहे का, कधी संपतं. सहाय्यक शिकवत असेल तर देखरेख कुणाची, ते विचारायला लाजू नका.

हिचं पूर्ण लायसन्स आता भिंतीवर आहे. तुमच्या घरी बीएएसएलपी झालेली सून, मेहुणी, भाची येणार असेल, तर मंडळाच्या मराठी शाळेच्या वेळेत हिला जरूर गाठा. कागद घेऊन या, अर्ज ती बघून देईल. मला दाखवू नका.