डिलाईल रोडचे पाणी आणि मैदाने

डिलाईल रोडच्या आसपासच्या सखल भागांत जुलैमध्ये पाणी तुंबते आणि एप्रिलमध्ये मैदानांवर धूळ उडते. (रस्त्याला ना. म. जोशी यांचे नाव मिळून बराच काळ लोटला. लोकांच्या तोंडी मात्र डिलाईल रोडच राहिला.) या दोन्ही तक्रारी एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर मैदानावर सुमारे दोन कोटी लिटर पाणी. हिरवळीला दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांस सव्वा कोटी लिटरही लागत नाहीत. पाणी पुरेसे आहे. अडचण साठवणीची आहे. एवढ्या पाण्यास चार मीटर खोल टाकी घेतली, तरी तिच्याखाली मैदानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाईल. शिवाय वर्षातून एकदाच भरणाऱ्या टाकीत भांडवल अडकवणे महागच.

हिंदमाता परिसराचे पाणी साठविण्यासाठी महापालिकेने 2021 पासून दादर-परळ भागात भूमिगत टाक्यांचे काम हाती घेतले. त्यांतील पाणी पुढे समुद्रात सोडावयाचे असते. पुराची टाकी रिकामी हवी, बागेची भरलेली. हा विरोध खरा आहे. तथापि तो ऋतूपुरता आहे. सप्टेंबर अखेरचा पाऊस टाकीत राखून ठेवला, तर निदान दिवाळीपर्यंत मैदाने हिरवी राहतील.

मात्र रस्त्यावरचे पाणी छपरावरच्या पाण्याइतके निर्मळ नसते. त्यात तेल, गाळ, कित्येकदा मैलाही मिसळतो. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे निवळवून, गाळून, जंतुनाशक घालून मगच वापरावे. टाकीची झाकणेही घट्ट हवीत. 1911 मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाचा संबंध विहिरींतील डासांशी जोडला आणि पुढे अनेक विहिरी बुजल्या, हे विसरता येत नाही.

येथील बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. त्यांच्या पुनर्विकासात पायासाठी जमीन खोदली जाते, तेव्हाच मोकळ्या जागेखाली टाकी बांधणे स्वस्त पडते. मागाहून तोच खर्च कित्येक पटींनी वाढतो. प्रश्न पंपाच्या विजेचा आणि गाळ उपसण्याच्या मजुरीचा आहे. पाणी ओसरल्याचा लाभ दुकानदारांना आणि वाटसरूंनाही मिळणार असल्यामुळे, हा भार रहिवाशांच्या संस्थेवर न लादता महापालिकेनेच उचलावयास हवा.